फ्रिजमध्ये सरांचा फोन

बासुंदीचं पातेलं सकाळपासून फ्रिजमध्ये होतं. दुपारी प्रियदर्शनीनं झाकण काढून बोट बुडवलं, तर बासुंदी कोमटच.

"अवो, ह्यो फ्रिज गार करून न्हाई राहिला. मेकॅनिकला बोलवू का?"

"नको," आनंदराज म्हणाला. "पोरं वर्षभर हसतील."

त्याचंही खरं होतं. विष्णुपुरीच्या कॉलेजात तो इंजिनिअरिंगच्या पोरांना हेच शिकवायचा, की वस्तू गार कशी होते आणि का होते. शिवाय संध्याकाळी त्याचे विभागप्रमुख संगमेश्वर सर पहिल्यांदाच जेवायला यायचे होते. नव्या प्रयोगशाळेचा प्रमुख कोण, हे त्यांच्याच हातात होतं.

आनंदराजनं बाह्या सारल्या. फ्रिज भिंतीपासून ओढला, मागच्या जाळीवरची धूळ झाडली, आतला थंडीचा काटा शेवटपर्यंत फिरवला. मोटार चालू, दिवा चालू, आत मात्र वैशाख. असा फ्रिज त्याच्या कुठल्याच पुस्तकात नव्हता.

मग त्याला दाराच्या रबराचा संशय आला. दारात दहाची नोट अडकवून ओढली, ती अलगद बाहेर आली. "सापडलं," असं म्हणून त्यानं नायलॉनच्या दोरीनं फ्रिज करकचून बांधला. तासाभरानं सोडून पाहिला, तर दूधही कोमट झालेलं. आता संशय आतल्या दिव्यावर. दार लावल्यावर तो विझतो की नाही, हे बाहेरून कसं दिसणार? आनंदराजनं मोबाइलवर व्हिडिओ सुरू केला, मोबाइल दह्याच्या भांड्याला टेकवून ठेवला आणि दोरी पुन्हा आवळली.

त्याची आई सरजाबाई डाळ निवडत बसली होती. तिनं मान वर केली.

"आनंदा, फ्रिज वाजून राहिला बाबा."

खरंच वाजत होता. आनंदराज गाठीशी झटू लागला, पण गाठ सुटेना. फ्रिज गप्प झाला, पुन्हा वाजला, पुन्हा गप्प झाला. मग प्रियदर्शनीचा फोन वाजला. संगमेश्वर सर.

"वहिनी, आनंदराज फोन उचलत नाहीत?"

आनंदराज दातांनी गाठ सोडवत होता. त्यानं हातानंच खूण केली, काहीतरी सांग. तिला खोटं काही सुचेना.

"सर, त्यांचा फोन फ्रिजमध्ये हाय."

सरांनी आवाज खाली आणला. "म्हणजे तुमचा फ्रिज चालू आहे?"

"हाव, चालू हाय की," नवऱ्याची अब्रू राखायला ती म्हणाली.

"फार बरं झालं. लगेच निघतो." फोन बंद.

काय बरं झालं, ते कुणालाच कळेना. आनंदराजला वाटलं, सर तपासणीला येत आहेत. प्रियदर्शनीला वाटलं, सरांना बासुंदी फार आवडत असावी.

सर आले ते दोन्ही हातांत पिशव्या घेऊन. एकीत श्रीखंडाचा डबा, दुसरीत दूध, लोणी आणि इडलीचं भिजवलेलं पीठ.

"आमचा फ्रिज परवापासून गार करत नाही," ते हळूच म्हणाले. "मेकॅनिकला बोलवावं, तर आपला हुद्दा आडवा येतो. म्हटलं, एक रात्र तुमच्याकडं ठेवू."

ते थेट स्वयंपाकघरात गेले. दोरी पाहून थबकले.

"प्रयोग चालू आहे, सर," आनंदराज म्हणाला.

एव्हाना गाठ सैल झाली होती. सरांनी दार उघडलं, श्रीखंडाचा डबा आत सारला आणि हात आतच ठेवला. बराच वेळ ठेवला.

"आनंदराज, हाही?"

"हाही, सर."

दोघांनी एकमेकांकडं पाहिलं नाही. प्रियदर्शनीनं पानं घेतली. उद्यापर्यंत काही टिकणार नव्हतं, म्हणून बासुंदी आणि श्रीखंड दोन्ही त्याच जेवणात संपवायचं ठरलं. सरजाबाईंनी सरांना आग्रह करकरून वाढलं.

तिसऱ्या वाटीनंतर सर सैलावले. "प्रयोगशाळेसाठी तुमचंच नाव देतो," ते आनंदराजला म्हणाले. "निदान तुम्ही कुठं बोलणार तरी नाही."

प्रियदर्शनीनं आता कुणाला न विचारता मेकॅनिकला फोन लावला. आनंदराज हरकत घेईल असं वाटून ती थांबली, पण तो ताटाकडं बघत राहिला. तिनं सकाळी यायला सांगितलं, घराचा पत्ता दिला.

सरांनी खाकरून घसा साफ केला.

"वहिनी, त्याला आमचाही पत्ता देऊन टाका," ते म्हणाले. "फक्त नाव सांगू नका."