वॉशिंग मशीन कोण नेणार?

सगळं सुरू झालं ते एका पत्रापासून. आमच्या बिल्डिंगचा कारभार बघणाऱ्या ऑफिसकडून तीन पानी पत्र आलं. मी ते नीट उलटसुलट करून पाहिलं, चेहरा गंभीर केला आणि फाइलला लावून टाकलं. तळघर साफ करणार आहोत, आपापलं सामान काढून ठेवा, असं त्यात लिहिलं होतं, हे कळेपर्यंत माझी सायकल, दोन सुटकेस आणि सासूबाईंनी पुण्याहून पाठवलेलं पुरणयंत्र भंगारात गेलं होतं.

"अकरा वर्षं झाली जर्मनीत, आणि तुला एक पत्र वाचता येत नाही?" नीलांबरीने विचारलं.

"मग तू शीक ना जर्मन," मी म्हणालो.

(हे वाक्य मी केवळ भांडण संपवायला बोललो होतो. नवऱ्यांनी भांडण संपवायला वाक्य बोलू नये, गप्प बसावं, हे मला आता कळतं.)

नीलांबरीने खरंच युनिव्हर्सिटीच्या जर्मन क्लासला नाव घातलं. त्यात एक आमिषही होतं. पुण्यात नऊ वर्षं ती औषधांच्या लॅबमध्ये होती. इथे म्युनिकजवळ गार्चिंगच्या कॅम्पसवर एका लॅबमध्ये तिच्यासाठी जागा तयार होती, फक्त जर्मनची बी-वन, म्हणजे मधल्या पातळीची परीक्षा पास व्हायची अट होती. परीक्षा चार महिन्यांनी, महिनाअखेरीला, असं तिने मला सांगितलं. मी आयटीवाला. माझं ऑफिस इंग्रजीत चालतं, आणि बाहेरचं जग मी 'या', 'गेनाऊ' आणि 'आल्झो' या तीन शब्दांवर चालवतो. हो, अगदी बरोबर, तर मग. एवढ्यावर माणूस अकरा वर्षं काढू शकतो. नामं मला बरीच कळतात. क्रियापदांच्या वाटेला मी जात नाही.

बघता बघता आमच्या घरात एक कॉलेजकन्यका राहायला आली. पाठीवर सॅक, स्टुडंट कार्ड, चार रंगांचे हायलायटर. दुपारचं जेवण मैत्रिणींबरोबर मेन्सात, म्हणजे युनिव्हर्सिटीच्या कँटीनमध्ये. घरातल्या फ्रीजपासून नळापर्यंत प्रत्येक वस्तूवर तिने नावाची चिठ्ठी चिकटवली. माझ्यावर नव्हती. मी दोन दिवस वाट पाहिली आणि मग जरा खट्टू झालो.

स्वयंपाकाला तिला वेळ नव्हता, म्हणून तिचा डबा मी करू लागलो. माझी थालीपिठं बरी होतात. (आई म्हणते. नीलांबरी 'खाऊ शकतो' म्हणते.) एके दिवशी डबा चाटूनपुसून परत आला.

"आवडली?" मी उत्साहाने विचारलं.

"माटेओने खाल्ली सगळी. फारच आवडली त्याला."

"कोण माटेओ?"

"माझा पार्टनर," ती पुस्तकातून डोकं वर न काढता म्हणाली. "क्लासमधला रे. चिलीचा आहे. तिकडे दुर्बिणींच्या संस्थेत असतो."

मी त्याचा फोटो बघून घेतला. सहा फूट उंची आणि डोक्यावर जंगल. (माझ्या डोक्यावर आता फक्त आठवणी आहेत.) दिवसभर तारे बघतो आणि वर माझी थालीपिठं खातो. मला मत्सर वाटला. साधा, स्वच्छ, पोटात दुखणारा मत्सर. दुसऱ्या दिवशी मी थालीपिठात तिखट दुप्पट घातलं. डबा पुन्हा रिकामा आला, आणि बरोबर माटेओकडून आभारांची चिठ्ठी.

त्यानंतर फोन सुरू झाले. रोज संध्याकाळी सहाला नीलांबरी बाल्कनीत जायची, दार लोटून घ्यायची आणि अर्धा तास जर्मनमध्ये बोलायची. मी आत कांदा चिरत असायचो. कांदा दाराजवळ चिरला तर जास्त बारीक चिरला जातो, असं माझ्या तेव्हाच लक्षात आलं.

सोमवारी ऐकू आलं: शनिवार. स्टेशन. दोन तिकिटं. तळं. हॉटेल. "कोफर मी घेते," असं काहीतरी. कोफर म्हणजे सुटकेस, हे मला भंगार प्रकरणापासून पाठ होतं.

मंगळवारी: निरोपाची पार्टी. केक. किती माणसं बोलवायची. भाषण कोण करणार.

बुधवारी: घर हलवणं. टेम्पो. पुठ्ठ्याची वीस खोकी. सोफा. आणि मग बराच वेळ वॉशिंग मशीन. ते तिसऱ्या मजल्यावरून खाली कसं न्यायचं, यावर नीलांबरीने इतक्या आपुलकीने विचार केला की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. (थोडं कांद्याचंही असेल.) आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो.

गुरुवारी: हॉस्पिटल. फुलं. पेशंटला भेटायला कधी जायचं. पेशंट पुरुष आहे एवढं कळलं. तो माझ्याशिवाय कोण असणार, हे ओळखायला ज्योतिषी नको होता.

मी मुलीला गाठलं. दिया चौदा वर्षांची आहे, तिला मराठी सगळं समजतं, उत्तर जर्मनमध्ये देते.

"दिया, आई बाल्कनीत काय ठरवते गं रोज?"

"गेहाइम, पापा," ती डोळे मिचकावून म्हणाली. म्हणजे गुपित. पोटची पोरही कटात होती.

खरं सांगायचं तर मला त्या तळ्याचं किंवा हॉटेलचं तितकं दुःख नव्हतं. दुःख त्या अर्ध्या तासाचं होतं. "तू काय आणशील? मी काय आणू? पाऊस आला तर?" असं ती त्याला विचारायची आणि त्याचं उत्तर पुरं ऐकून घ्यायची. आमच्या घरात ठरवाठरवी म्हणजे ती 'दूध' एवढा मेसेज पाठवते आणि मी अंगठ्याचं चित्र पाठवतो. असं समोरासमोर बसून आम्ही शेवटचं काय ठरवलं होतं, ते मला आठवेना. त्या केसाळ माणसाचा मला या एकाच गोष्टीसाठी मनापासून हेवा वाटला.

शनिवार उजाडला. नीलांबरी आठ वाजताच तयार. इस्त्रीचा निळा कुर्ता, कानांत मोत्याचे टॉप्स, हातात बॅग.

"कुठे?"

"नरेंद्र, आज प्लीज काही विचारू नकोस. आल्यावर सांगते सगळं."

ती गेली आणि दोन मिनिटांनी मीही निघालो. घाईत दियाची गोंडेवाली टोपी डोक्यावर आली. स्टेशनवर माटेओ उभा होताच. दोघं म्युनिकच्या उ-बानमध्ये, म्हणजे मेट्रोत, चढली आणि मी मागच्या डब्यात. तळ्याकडच्या गाड्या सुटतात त्या मोठ्या स्टेशनच्या चार स्टॉप आधीच ती उतरली. म्हणजे तळं रद्द झालं होतं. म्हणजे थेट हॉटेल! एका पाच मजली इमारतीत शिरून दोघांनी रिसेप्शनवर पासपोर्ट दाखवले. हॉटेल सोडून पासपोर्ट कुठे दाखवतात?

मी रिसेप्शनवर गेलो. "माइने फ्राउ," मी म्हणालो. माझी बायको.

तिथल्या बाईंनी एक लांबलचक प्रश्न विचारला.

"या," मी म्हणालो. त्यांनी आणखी काही विचारलं. "गेनाऊ."

त्यांनी तिसरा मजला दाखवला. वर कॉरिडॉरमध्ये बराच वेळ दारांना कान लावत हिंडलो, तेव्हा एका दाराआडून नीलांबरीचा आवाज आला. पुन्हा तेच. शनिवार, हॉटेल, दोन तिकिटं. मी दार ढकललं आणि शुद्ध मराठीत ओरडलो, "सोफा न्या! वॉशिंग मशीन न्या! पण हिला नेऊ नका!"

आत टेबलाच्या एका बाजूला नीलांबरी आणि माटेओ बसले होते. दुसऱ्या बाजूला चष्मा लावलेल्या दोन बायका, हातात पेन आणि समोर मार्कांचे तक्ते. भिंतीवर घड्याळ. मी टोपी काढली.

"नरेंद्र," नीलांबरी हळू आवाजात म्हणाली, "ही माझी परीक्षा आहे."

"कसली?"

"बी-वनची! तोंडी. दोघांनी मिळून एखादा बेत आखायचा, असा प्रश्न असतो. सहल, पार्टी, घर हलवणं, आजाऱ्याला भेटणं. आम्ही रोज एक जुना पेपर सोडवत होतो."

"पण परीक्षा तर महिनाअखेरीला होती ना?"

"तुला तसं सांगितलं होतं. ड्रायव्हिंग टेस्टच्या वेळी तू आदल्या दिवशी महाराष्ट्र मंडळाच्या ग्रुपवर टाकलंस. मी नापास झाले आणि त्रेपन्न लोकांनी सांत्वन केलं. या वेळी मला कुणालाच सांगायचं नव्हतं. या परीक्षेवर माझी नोकरी आहे रे!"

मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाटलं. माझ्या मत्सरापायी तिची नऊ वर्षांची लॅब, चार महिन्यांचा अभ्यास, सगळं मी एका आरोळीत घालवलं होतं.

मोठ्या परीक्षक बाईंनी कोरड्या आवाजात काहीतरी विचारलं. नीलांबरी त्यांच्याकडे वळली आणि सलग दोन मिनिटं जर्मनमध्ये बोलली. न अडखळता, हातवारे करून, मधूनमधून माझ्याकडे बोट दाखवत. 'माइन मान', म्हणजे माझा नवरा, हे मी सहा वेळा मोजलं. सहाही वेळा सूर वेगळा होता. बाई भराभर लिहून घेत होत्या. माटेओ रुमालात तोंड लपवून हसत होता.

"त्या म्हणतायत, व्यत्यय आला म्हणून नवा विषय देऊ," नीलांबरीने मला सांगितलं. "आणि तुला बाहेर ठेवलं तर तू परत येशील. त्या कोपऱ्यात बस. हलू नकोस."

मी कोपऱ्यातल्या खुर्चीत बसलो. बाईंनी गठ्ठ्यातून नवं कार्ड काढलं, वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि त्यांच्या मिशीच्या जागी काहीतरी हललं. विषय होता: तुमच्या ओळखीचे एक गृहस्थ परदेशात आले आहेत. त्यांना भाषा येत नाही आणि ते एकटे पडले आहेत. त्यांना मदत करण्याचा बेत आखा.

नीलांबरीने आणि माटेओने वळून माझ्याकडे पाहिलं, आणि ती दोघं कामाला लागली.

अकरा वर्षांत पहिल्यांदा मला जर्मन कळलं. सगळं बोलणं माझ्याबद्दलच असल्यामुळे क्रियापदंसुद्धा आपोआप कळत होती. याला क्लासला घालू या, माटेओ म्हणाला. सोमवारी मी स्वतः घेऊन जाईन, नीलांबरी म्हणाली. रोज अर्धा तास मी त्याच्याबरोबर बसेन. आणि रविवारी? माटेओने विचारलं. रविवारी त्याला तळ्यावर नेईन, म्हणजे तो मोकळेपणाने बोलेल. पाऊस आला तर? छत्री घेऊ, ती म्हणाली, दोघांत एक पुरते. मी कोपऱ्यात बसून नाक पुसत होतो. परीक्षक बाईंनी मला टिश्यू दिला.

बाहेर पडल्यावर मी माटेओशी हात मिळवला आणि खुणेनेच माफी मागितली. तो खुणेनेच थालीपीठ म्हणाला.

त्या संध्याकाळी मी सॅक आणली. वही, पेन्सिल, खोडरबर. पहिल्या सोमवारी सकाळी सॅक पाठीला लावून दाराशी उभा राहिलो. नीलांबरी घाईत निघून गेली. नवी लॅब मिळते की नाही याची धाकधूक असेल, मी मनाशी म्हटलं. दुसऱ्या सोमवारीही उभा राहिलो. दरम्यानच्या रविवारी छत्री काढून ठेवली होती.

मग निकाल आला. पास! तोंडीत शंभरपैकी शहाण्णव, आणि शेरा: अनपेक्षित प्रसंगातही सहज आणि भावपूर्ण संभाषण. नोकरी पक्की झाली. दिया नाचली, मी श्रीखंड केलं, आणि वाट्या पुसून झाल्यावर हळूच विषय काढला.

"मग आता माझं कधी?"

"तुझं काय?"

"क्लासला नेणार होतीस ना सोमवारी? रोज अर्धा तास बसणार होतीस. आणि रविवारी तळ्यावर, एका छत्रीत."

नीलांबरीला आठवायला थोडा वेळ लागला. मग तिने प्रेमाने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"अरे नरेंद्र," ती म्हणाली, "ती परीक्षा होती. त्यातलं खरं काही नसतं."