टिप्याची समुद्रावरची दिवाळी

"कुत्र्याला फटाक्यांपासून वाचवायचं म्हंजे काय अवघड? डोकं लागतं, डोकं!"

असं म्हणून दाजींनी स्वतःच्या कपाळावर बोट आपटलं आणि बुरोंडीच्या किनाऱ्यावर जमलेल्या चौघांनी आदराने त्या कपाळाकडे पाहिलं.

मंडळी, डोकं चालवायला कारणही तसंच होतं. गेल्या लक्ष्मीपूजनाला पहिल्याच सुतळी बॉम्बला त्यांचा टिप्या जो पळाला, तो चार दिवसांनी दापोलीच्या एसटी स्टँडवर सापडला. त्या चार दिवसांत दाजींच्या बायकोने, आवडाबाईंनी, नवऱ्याशी एक शब्द काढला नाही. यंदा त्यांनी आधीच बजावलं होतं, "टिप्या गेला तर मीपण माहेरी चालली!"

दाजींचा बेत साधा. टिप्याला होडीत घालायचं, आवाज पोचणार नाही इतकं आत जायचं, इंजिन बंद करून निवांत बसायचं! बातमी फुटली तशी शेजारच्या तुळसाने आपली शेळी आणून दिली, पलीकडच्या येसूबाईंनी टोपलीतून मांजर पाठवलं. होडी दिवेलागणीला निघाली ती सर्कशीचा तंबू हलल्यासारखी.

आत पोचल्यावर दाजींनी कान टवकारले. एक आवाज नाही! टिप्या घोरत होता, मांजर जाळी चाटत होतं.

"बघ टिप्या, याला म्हंतात अक्कल!"

दोन तासांनी अक्कलवान दाजींनी इंजिन सुरू करायला घेतलं. इंजिन खोकलं आणि गप्प झालं. दहा वेळा दोरी ओढली, दाजीच खोकायला लागले. मोबाइल घरी चार्जिंगला. भरतीच्या पाण्याने होडी किनाऱ्यालगतच्या खडकांकडे निघालेली. आता मात्र दाजींनी घाईघाईने होडीतली पेटी उपसली.

उरले होते ते संकटात आकाशात उडवायचे तीन लाल बाण.

"टिप्या, बाबा, कान झाक!" म्हणत त्यांनी पहिला सोडला. फाडकन आवाज! शेळी टोपलीवर, मांजर दाजींच्या डोक्यावर! दुसरा सोडला. होडी एव्हाना वाहत किनाऱ्याजवळ आली होती; तिथून कोणीतरी ओरडलं, पण मदतीला कोणी येईना. तिसरा सुटला आणि टिप्याने थेट समुद्रात उडी ठोकली!

"अरे टिप्या! माझ्या राजा, परत ये रे!" दाजींना खरंच रडू आलं. खडक परवडले, पण आवडाबाईंना तोंड कसं दाखवायचं?

थोड्या वेळाने वाडीतल्या सूरजची होडी आली आणि दाजींना दोराने ओढत घेऊन गेली. किनाऱ्यावर अख्खी वाडी उभी. आवडाबाई पुढे.

"टिप्या..." दाजींनी समुद्राकडे बोट दाखवलं.

"घरी हाय. पोहून आला, म्हणून कळलं तुमचं कायतरी बिनसलंय. सूरजला तेव्हा धाडला."

"पण बाण दिसले नाय तुमाला?"

"दिसले ना! आमाला वाटलं, शोभेची दारू उडवतायत! अवो, शेजारच्या हौसाची म्हैस व्यायला झालीय. ती काय होडीत मावणार? म्हणून तुमी गेल्यावर पोरांनी सगळे फटाके बांधून ठेवले. वाडीत आज साधी टिकली वाजली नाय. तीन बार काढले ते तुमी एकट्यानं!"

दाजी मान खाली घालून घरी गेले. त्यांना बघताच टिप्या शेपूट घालून पलंगाखाली शिरला आणि थरथरायला लागला.

आवडाबाईंनी नवऱ्याच्या हातात फराळाची ताटली दिली.

"तुमी जरा वायच भायेर बसा. घाबरतोय तो तुमाला."