वाघमाऱ्यांची तीन पिंपं

वाघमारे कुणाच्या घरी रिकाम्या हाताने जात नसत. हातात काचेचं चंचुपात्र असायचं. दार उघडलं की थेट मोरीत शिरायचे, गळक्या नळाखाली ते पात्र ठेवायचे आणि उकिडवे बसून थेंब पाहत राहायचे. चहा विचारला तर म्हणत, "आणि कप कोण विसळणार?"

शाळेच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेला हा एकटा माणूस नौपाड्यातल्या आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी होता. गेल्या उन्हाळ्यात पाणी एक दिवसाआड झालं आणि वाघमाऱ्यांचं राज्य सुरू झालं. गच्चीची किल्ली त्यांनी सुतळीने गळ्यात बांधली. वरच्या टाकीजवळ उभं राहून ते एकेका घराचा व्हॉल्व्ह उघडत आणि घरातली माणसं मोजून बंद करत. "माणशी एक बादली." कुणी नमस्कार केला तरी उत्तर हेच.

तळमजल्यावरचा गॅरेजवाला एकदा पाइप लावून गाडी धूत होता. वाघमारे जाऊन पाइपवर उभे राहिले.

"काका, पाय काढा ना. कस्टमर थांबलाय."

"थांबू दे. मी पण थांबलोय."

कस्टमर कंटाळून अर्धी धुतलेली गाडी घेऊन गेला, तेव्हा कुठे ते उतरले.

मीही हसलो असतो. पण माझी पत्नी सुमन तेव्हा अंथरुणाला खिळलेली होती. तिच्या चादरी रोज धुवाव्या लागत. एका सकाळी तिचं अंग पुसत असताना नळ बंद झाला. पाठीवर साबण तसाच. मी आवाज चढवणारा माणूस नव्हे; हातात पुस्तक असलं की शेजारचं भांडणही मला ऐकू येत नाही. त्या दिवशी ओल्या हातांनी गच्चीवर गेलो.

"वाघमारे, पाणी सोडा."

"तुमच्या दोघांच्या दोन झाल्या."

"ती आजारी आहे."

"चौथ्या मजल्यावर तान्हं मूल आहे. त्यांनाही नाहीच म्हटलं."

"मग तुमच्या गॅलरीतली तीन पिंपं कुणासाठी?"

ती निळी पिंपं सगळ्यांना ठाऊक होती. त्यांच्यावर लाल रंगाने लिहिलं होतं, हात लावू नये. आपल्या बादलीतलं वाचवून भरलीत, असं वाघमारे सांगत. कुणी विश्वास ठेवत नव्हतं.

"पाहुण्यांसाठी," ते म्हणाले.

"कसले पाहुणे? तुमच्याकडे कधी कोण आलंय?"

त्यांनी किल्ली शर्टाच्या आत टाकली आणि माझ्याकडे पाठ केली.

साबण मी कोरड्या पंच्याने पुसला. तिला झोंबलं असणार. तो राग माझ्यात अजून आहे.

त्याच आठवड्यात सुमन गेली. नेमकी पाणी नसलेल्या दिवशी. स्मशानातून टेम्पोने परतताना आंबिवलीहून आलेला मेव्हणा टँकरवाल्याला फोन करत होता. "परवा देतो म्हणतो," तो हळूच म्हणाला. वीस-बावीस माणसं, आंघोळ केल्याशिवाय एकही घरात पाऊल टाकणार नव्हता. मला तिचाही राग आला. गेलेल्या माणसावर रागावता येतं, हे मला त्या टेम्पोत कळलं.

फाटकाच्या आत तीन निळी पिंपं उभी होती. तोंडोतोंड भरलेली. लाल अक्षरं भिंतीकडे वळवलेली. वाघमाऱ्यांच्या तिसऱ्या मजल्यापासून खालपर्यंत जिना ओला होता. थेंबासाठी भांडणाऱ्या माणसाने बादल्या वाहताना पाणी सांडलं होतं. ते स्वतः तांब्या घेऊन पिंपाशी उभे होते. शर्ट घामाने चिकटलेला, धाप लागलेली.

"माणशी एक बादली," ते मेव्हण्यावर खेकसले. "आणि सांडायचं नाही."

माणसं रांगेने बादली घेऊन आडोशाला गेली. माझी पाळी शेवटची. वाघमाऱ्यांनी बादली भरली, माझ्यापुढे सरकवली. मग पिंप तिरकं करून, तळ खरवडत, आणखी एक भरली.

"माझी झाली," मी म्हणालो.

माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "ही वहिनींची."