जिन्यातले ‘येस’

‘या एकदा जेवायला’ असे नानांना कोणी म्हणू नये. नाना जातात.

म्हणणाऱ्याने ते वाक्य चप्पल पायात सरकवता सरकवता, निव्वळ सभ्यतेपोटी उच्चारलेले असते. नाना मात्र ते घरी घेऊन येतात, पुढच्या रविवारी इस्त्रीचा सदरा घालतात, पेढ्यांचा पुडा घेतात आणि जेवणवेळेला त्या दारात उभे राहतात. त्यांच्या कार्यालयातल्या एका साहेबांनी असेच आमंत्रण दिले होते. नाना पोहोचले तेव्हा साहेब बनियनवर, स्टुलावर चढून पंखा पुसत होते. नानांनी स्टूल धरले, पंखा पुसून होईपर्यंत धरून ठेवले, आणि मग घरात जी मुगाची खिचडी होती ती दोनदा मागून खाल्ली. ते परत आल्यावर मी संकोचाने म्हणालो, “नाना, ती बोलायची एक रीत असते.”

“शब्द म्हणजे शब्द शे, सर,” नाना म्हणाले. “रीत बिरीत मला नका शिकवू.”

नाना मूळचे एरंडोलकडचे, त्यामुळे ‘आहे’चे त्यांच्या तोंडी अहिराणी ‘शे’ होते. नोकरी धुळ्यात, एका सरकारी कार्यालयात मुख्य लिपिकाची. पत्नी जाऊन काही वर्षे झालेली. एकुलता मुलगा सुरतेला. देवपुरातल्या एका घराच्या वरच्या मजल्यावर आम्ही तिघे भाडेकरू म्हणून राहत होतो : नाना, मी, आणि औषधकंपनीचा तरुण प्रतिनिधी युवराज. मी एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर मराठी शिकवतो. म्हणजे तास झाला तर पगार, सुट्टी पडली तर साहित्यसेवा. घरमालकीण अक्का खाली राहत. करारनामा तिघांच्या नावे एकत्र होता, अकरा महिन्यांचा. त्यात नानांच्या आग्रहाने एक कलम घातलेले होते : कोणाला मध्येच सोडून जायचे असेल, तर त्याने उरलेल्या दोघांना एक महिना आधी तसे स्पष्ट सांगावे, न सांगता गेल्यास मुदत संपेपर्यंत त्याचा हिस्सा त्याच्याच माथी. त्या वेळी युवराज हसून म्हणाला होता, “नाना, आपण काय लग्न लावतोय का?”

“लग्नात इतकं स्पष्ट कुठे राहतं?” नाना म्हणाले होते.

आता त्या सकाळचा प्रसंग सांगतो. युवराजच्या बदलीची कुणकुण होती, पण तो स्वतः काही बोलत नव्हता. एकेक पिशवी मात्र घरातून कमी होत होती. त्या दिवशी तो हेल्मेट आणि मोठी बॅग घेऊन जिना उतरू लागला. मी दूध घेऊन वर येत होतो. नाना वरच्या पायरीवर दात घासत उभे होते. त्यांनी विचारले, “जास का रे?”

अहिराणीत याचा अर्थ, ‘जातोस का रे?’

युवराज न थांबता, उतरता उतरता म्हणाला, “येस.”

एवढेच. पुढचा सगळा तंटा या दोन अक्षरांचा आहे.

चार दिवसांनी जळगावहून त्याचा फोन आला. बदली झाली, तिकडे खोली घेतली, आणखी एका महिन्याचा हिस्सा देतो, मग माझा संबंध संपला. नाना म्हणाले, तू सांगितलेच नाहीस. तो म्हणाला, सांगितले. जिन्यात तुम्ही विचारले, जातोस का, आणि मी ‘येस’ म्हणालो. नानांच्या आवाजात एक न्यायालयीन धार आली.

“येस म्हणजे?”

“येस म्हणजे हो!”

“आमच्यात येस म्हणजे येतो. घरातून निघताना माणूस ‘जास’ म्हणत नाही, ‘येस’ म्हणतो. तू साक्री तालुक्याचा, तुझी माय अहिराणी बोलते, तू अहिराणीत विचारलेल्याला इंग्रजीत कसा उत्तर देशील? तू येतो म्हणून गेला शे. म्हणजे तू अजून इथेच राहतोस.”

“नाना, मी जळगावात बसलोय!”

“बस. पण राहतो इथे.”

मला खरी धास्ती वेगळीच होती. युवराजचा हिस्सा थांबला तर माझ्या तुटपुंज्या मिळकतीत अर्धे भाडे मला झेपणार नव्हते, आणि घर सोडावे लागले असते. अक्कांनी तर दुसऱ्याच आठवड्यात सांगून टाकले, “तुम्ही कोणत्याही भाषेत भांडा, मला भाडं पूर्ण पाहिजे.” नानांनी युवराजचा वाटा स्वतः भरला. मी त्यातले थोडे उचलण्याची तयारी दाखवली, तर मलाच रागावले. “तुमचा काय संबंध? हे माझं आणि त्याचं शे.”

अक्कांनी तिसऱ्या जागेसाठी माणसे पाठवायला सुरुवात केली. नानांनी एकालाही टिकू दिले नाही. बँकेत लागलेला एक सालस तरुण आला. नानांनी त्याला विचारले, “किती दिवस राहाल?” तो म्हणाला, “बघू.” नानांनी त्याला चहा पाजून परत पाठवले. मला म्हणाले, “बघू हा शब्द नाही, सर. तो दार लावायचा आवाज शे.” मग दुसरीकडे पाहत म्हणाले, “माझा पोरगा सुरतेहून दर सणाला म्हणतो. बघू.” दुसरा आला, त्याला युवराजची खाट दाखवायलाच नानांनी नकार दिला. जागा रिकामी नाही, माणूस बाहेरगावी गेला आहे, असे सांगितले.

नाना फोनवर मात्र बोलणी करायला तयार नसत. “भाड्याचा वाद समोरासमोर होतो,” असे म्हणून ते फोन ठेवून देत. तेव्हा युवराज रविवारी जळगावहून मोटरसायकलवर गावाकडे जाताना धुळ्यात थांबू लागला, एकदाचा काय तो निकाल लावायला. निकाल लागत नसे. कारण नाना सकाळीच मंडईतून मोठी हिरवी वांगी आणून निखाऱ्यावर भाजत, ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, म्हणजे कळण्याच्या, भाकरी थापत, आणि वाद ताटावर बसून चाले.

“नाना, अख्खी कंपनी येस म्हणजे हो समजते.”

“कंपनी तुझी माय शे का? भाकरी घे.”

“मी घेतो, पण पैसे देणार नाही.”

“नको देऊ. आधी भरतावर तेल घे. कोरडं खातो का कोणी?”

एकदा दोघांनी मला साक्षीला ओढले. तुम्ही जिन्यात होतात, तुम्ही मराठीचे. सांगा, ते येस कोणत्या भाषेतले होते? मी फार विचारपूर्वक म्हणालो, की उच्चारावरून निर्णय करणे कठीण आहे. वाक्याचा अर्थ बोलणाऱ्याच्या हेतूवर अवलंबून असतो. दोघेही माझ्याकडे करुणेने पाहू लागले. युवराज म्हणाला, “सरांना अजून एक भाकरी द्या.” संध्याकाळी तो उठला, आणि दारात हेल्मेट घालताना नानांनी दटावले, “पुढच्या रविवारी सोडणार नाही तुला.”

असे बरेच रविवार गेले. मी मनाशी म्हणत असे, की हा वाद मिटेल तर बरे. नानांच्या डोक्याला शांतता मिळेल.

मग एका बुधवारी तो मिटला. युवराजचे लग्न ठरले होते. कोणाचे देणे ठेवून बोहल्यावर चढू नये, असे त्याच्या आईने त्याला बजावले असावे. त्याने मुदत संपेपर्यंतचा सगळा हिस्सा, नानांनी भरलेला धरून, फोनवरून एका दमात पाठवून दिला. सोबत संदेश होता : नाना, तुम्ही जिंकलात, विषय संपला.

नानांनी फोन माझ्यासमोर धरला. मी अभिनंदन केले.

“बठ्ठं दी टाकं त्यानी,” ते म्हणाले. सगळे देऊन टाकले त्याने. आवाज असा होता, जणू कोणी त्यांच्याकडून काही काढून नेले होते.

त्या रविवारी नानांनी सवयीने तीन माणसांची वांगी भाजली. दुपार झाली. महामार्गाकडून मोटरसायकलचा आवाज येई आणि पुढे निघून जाई. नाना प्रत्येक वेळी निखारे उगाच सारखे करत. इतके रविवार मी समोर बसून जेवलो होतो, आणि तो वाद कशाचा होता हे मला त्या दिवशी कळले.

नाना लवंडले तसा मी गच्चीवर गेलो आणि युवराजला फोन लावला. मी जन्मात कोणाशी भांडलेलो नाही.

“युवराज,” मी म्हणालो, “तू आमच्या कुकरची शिट्टी नेलीस.”

“काय?”

“शिट्टी. कुकरची. सामान नेताना. हे बरं केलं नाहीस.”

“सर, तुम्ही बोलताय? मी कशाला नेऊ शिट्टी? भाड्याचं झालं, आता शिट्टी काढली का नानांनी? द्या त्यांना फोन!”

“ते फोनवर बोलत नाहीत,” मी म्हणालो. “समोर ये.”

“येतो ना! येत्या रविवारीच येतो! तोंडावर सांगतो!” त्याने रागाने फोन ठेवला. पण ठेवण्याआधी तो हसला, असे मला अजूनही वाटते.

संध्याकाळी नाना डाळ लावायला उठले. ओट्यावरून हाक आली, “सर, शिट्टी कुठे शे?”

मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो. त्याच दिवशी सकाळी त्या कुकरच्या शिट्ट्या खाली अक्कांनीही ऐकल्या होत्या. माझ्या सदऱ्याचा खिसा वजनाने जरा खाली ओढला गेला होता. मी म्हणालो, “युवराज घेऊन गेला, नाना. मी त्याला चांगलं झापलं. येत्या रविवारी येतोय भांडायला.”

नानांनी माझ्याकडे पाहिले. मग खिशाकडे पाहिले. शब्दाला शब्द म्हणून धरणारा तो माणूस कितीतरी वेळ ओट्यावरच्या कुकरचे झाकण हातात घेऊन उभा होता.

“चोर शे तो,” अखेर ते म्हणाले. “येऊ द्या त्याला.”

त्यांनी झाकण पुसून फळीवर ठेवून दिले. तो आठवडाभर आम्ही डाळ उघड्या पातेल्यात शिजवली.