सहाशे मीटरची भरपाई

आमची गाडी भंगारात गेली तेव्हा विमा कंपनीनं तिच्या बदल्यात चाळीस किलोमीटर मंजूर केले.

पैसे पाहिजे असले तर दुसऱ्या कंपनीचा विमा घ्यावा लागतो. आमच्या कंपनीत पहिल्यापासून अंतरच मिळतं. गाडी जेवढी पळाली असेल त्यातून घसारा वजा करतात आणि उरलेलं परत देतात. म्हणजे झालेल्या फेऱ्यांपैकी एक फेरी निवडायची आणि ती पुन्हा करायची. गाडी तीच, रस्ता तोच, माणसं तीच. फेरी संपली की सही करायची. नियम साधा आहे, कुणाची तक्रार नसते.

गाडी म्हणजे हेराल्ड, जुन्या जमान्यातली मोटार, दोन दारांची, दुधी रंगाची. तिचं बॉनेट मडगार्डांसकट पुढं उघडतं, म्हणून पोरंठोरं बघायला थांबायची. मी उद्यमनगरात टर्नर होतो. बाजारात मिळायचे बंद झालेले तिचे कितीक पार्ट मी लेथवर काढले. फाल्गुनात ती घराजवळच्या वखारीसमोर उभी असताना उसाची ट्रॉली तिच्यावर उलटली. कंपनीचा सर्वेअर आला, चारी बाजूंनी वाकून बघितलं आणि चहा न घेताच गेला. त्याच्यावरनंच मी समजलो.

कंपनीच्या ऑफिसात मगदूम मॅडम होत्या. वयानं माझ्या नातीएवढ्या, पण बोलायला सावकाश. त्यांनी विचारलं, "काका, कुठली फेरी लावू?"

मी म्हणालो, पन्हाळा. जाऊन-येऊन चाळीस होतात. हौसा शेजारी बसलेली, मांडीवर भुईमुगाच्या शेंगा, टरफलं पदरात. हौसा म्हणजे माझी मंडळी. तिला जाऊन सहा वर्षं झाली. आम्ही पन्हाळ्याला सात-आठ वेळा तरी गेलो असू. त्यातली कुठलीही चालेल, असं मी सांगितलं. मला काही गाडी चालवायची हौस राहिली नव्हती. शेजारी ती बसलेली पाहिजे होती, एवढंच.

मॅडमनी मीटरचा उतारा काढला. सातबाऱ्यासारखाच असतो, गाडी कधी निघाली, किती चालली, आत कोण होतं, सगळं त्यात येतं. त्यांनी पानं उलटली, परत पहिल्यापासून उलटली.

"काका, पन्हाळा एकदाही नाही."

मग मला ते सांगावं लागलं. कोल्हापुरात आम्ही पाच-सहा जण हेराल्डवाले. रविवारी एकत्र जमलो की कुणी रंग बघत नाही, आधी खिडकीतून मुंडी घालून मीटर बघतात. ज्याचा आकडा कमी त्याचा मान मोठा. म्हणून फिरायला निघालो की मी मीटरची केबल काढून ठेवायचो. कामाला जाताना लावायचो, नाहीतर मीटर बंद आहे म्हणतील. हौसा एकदा घाटात म्हणाली होती, "मग आपण आल्तो हे कळायचं कसं कुणाला?" मी म्हणालो होतो, आपल्याला ठाऊक आहे की.

मॅडमनी हे लिहून घेतलं आणि टाचणी लावून फायलीत घातलं. मीटरवर नाही ते कंपनीला देता येत नाही, असं त्या म्हणाल्या. त्यांचंही बरोबर होतं. त्यांनी मला दुसरी फेरी काढून दिली, संकेश्वरच्या रस्त्यावरची, जाऊन-येऊन अडतीस किलोमीटर, रस्ता मोकळा, मागच्या सीटवर कास्टिंगचं पोतं. त्यांच्या मते हातची सोडू नये अशी होती. माणसं किती, असं मी विचारलं. त्यांनी वाचलं, "चालक एक, बाकी निरंक."

मी विचार करायला आठ दिवस मागितले.

इब्राहिम बागवान माझा जुना दोस्त, त्याचीही हेराल्ड. त्याला सांगितलं तर म्हणाला, "मीटर राखलास न्हवं जन्मभर? आता लोणचं घाल त्याचं." त्या रात्री घरी जाऊन त्यानं स्वतःच्या गाडीची केबल लावली म्हणे.

आठ दिवसांनी परत गेलो. पन्हाळा राहू दे, म्हटलं, जिच्यात हौसा आहे अशी कुठलीही फेरी बघा. मॅडमनी जेवणाची सुट्टी सोडून उतारा वाचला. संपत आला तेव्हा एका ओळीवर त्यांचं बोट थांबलं.

"सहाशे मीटर. चालक एक, बसलेले निरंक, ढकलणारे एक."

मला लगेच आठवलं. बॅटरी उतरली म्हणून गाडी रात्रभर वखारीसमोर राहिली होती. सकाळी मी हौसाला घेऊन गेलो. मी आत बसून स्टेअरिंग धरलं आणि तिनं मागनं ढकलत घरापर्यंत आणली. ढकलगाडीला कसला मीटर, म्हणून केबल काढायची तशीच राहिली होती.

मॅडम म्हणाल्या, "काका, एकोणचाळीस किलोमीटर चारशे मीटर बुडतील. आणि त्या मागं असणार, तुम्हाला दिसायच्यापण नाहीत."

मी म्हणालो, चालंल.

ठरलेल्या दिवशी सकाळी नऊला वखारीपाशी गेलो. गाडी उभी होती, दुधी, धडधाकट. मॅडम फॉर्म घेऊन आमच्या बोळाच्या तोंडाशी थांबल्या, कारण सही तिथं व्हायची होती. मी आत बसलो. मागनं बांगड्यांचा आवाज आला आणि गाडी हलली. आरशात डिकीवर टेकलेला पदर तेवढा दिसत होता. मी स्टेअरिंग सरळ धरलं. दोनशेएक मीटर गेल्यावर मी हँडब्रेक ओढला.

हौसा धापा टाकत खिडकीशी आली. कपाळावरचं कुंकू घामानं ओघळलं होतं.

"अवो, थांबलासा कशाला?"

"दमली असशील. बस जरा."

"बसू कुठलं? दूध ठेवून आलीया गॅसवर."

"बारीक ठेवलंयस न्हवं?"

"बारीकच हाय."

"मग बस की."

तिनं बोळाकडं बघितलं, वळसा घालून पलीकडं गेली, दार उघडलं आणि पाय पुसून शेजारी बसली.

थोड्या वेळानं मॅडम चालत आल्या. हौसाला त्यांनी नमस्कार केला. मला विचारलं, "काका, अजून किती वेळ?"

कागदात वेळ घातलाय का, असं मी विचारलं. त्यांनी फॉर्म पुढून वाचला, उलटून मागची बाजू वाचली. अंतर होतं, वेळ नव्हता. त्यांनी तसा शेरा मारला आणि परत बोळाच्या तोंडाशी जाऊन कट्ट्यावर बसल्या.

कंपनीची पत्रं येतात. फाइल बंद होत नाही, असं त्यात असतं. मॅडम येतात आणि खिडकीतून देतात. मी काच खाली करून घेतो आणि उत्तर तोंडी सांगतो, की अजून चारशे मीटर बाकी आहेत. हौसा म्हणते, "कोण वो ही पोरगी? घरात तर बोलवा तिला." मी म्हणतो, बोलवू, घरी गेल्यावर.