सगुणाच्या नावावरची एकतीस पुस्तकं

तपासणीचे साहेब पौडाहून निघाल्याचा निरोप आला, तेव्हा जयसिंग मास्तरांच्या वहीतली शाई अजून वाळायची होती.

वाचनालयाची पेटी आषाढात आली. लहान मुलांसाठी चाळीस चित्रांची पुस्तकं! मास्तरांचा तिच्यावर एवढा जीव, की पोरांचे नाचणीच्या भाकरीचे हात लागू नयेत म्हणून घातलेलं कुलूप सहा महिन्यांनी आज पहिल्यांदा निघालं. खात्याचा नियम मात्र असा, की न वाचलेली पेटी उचलून दुसऱ्या गावाला द्यायची. म्हणून मास्तर सकाळपासून देवघेवीच्या वहीत मुलांची नावं भरत होते. त्यातही हुशारी केली. हजर पोराला साहेब प्रश्न विचारणार. गैरहजर पोराला कोण विचारतो? तेव्हा सगळ्यांत जास्त, एकतीस पुस्तकं त्यांनी पहिलीतल्या सगुणाच्या नावावर टाकली. सगुणा दिवाळीपासून शाळेत फिरकली नव्हती. बापाची, कोंडिबाची म्हैस राखत होती.

वही मिटल्यावर मास्तरांना आठवलं. तपासणीच्या दिवशी पटावरचं पोर न पोर शाळेत दिसलं पाहिजे, ही गावाला त्यांचीच ताकीद होती.

दारात कोंडिबा उभाच होता. डोईला तेल चोपडलेली सगुणा त्याच्या हाताला.

"आनली बगा, मास्तर. तुमचा सबूद मोडला न्हाई."

"अरे, मग म्हैस?"

"बांधली की गोठ्यात. येक दीस उपाशी ऱ्हाईल. पर शाळेची इज्जत?"

"घरी ने तिला. ताप आलेला दिसतोय."

कोंडिबाने लेकीच्या कपाळाला हात लावला. "गार हाय की!"

आणि साहेब आले. खुर्चीत बसून त्यांनी आधी वहीच मागितली. बोट नावांवरून खाली सरकत गेलं, थांबलं. मास्तरांच्या पाठीवरून घामाचा ओघळ निघाला.

"एकतीस? पहिलीतली मुलगी? कोण सगुणा?"

सगुणा उठली. साहेबांनी पेटीतलं एक पुस्तक तिला दिलं. "वाच, बाळ."

पानं कोरी करकरीत, एकमेकांना चिकटलेली. म्हशीची गोचीड काढावी तशी तिने ती नखाने सोडवली. "ह्यो वाघ," ती म्हणाली. "ही शेळी. आता मरतीया."

"चित्र नको. खालची अक्षरं."

खिडकीतून कोंडिबा ओरडला, "वाच की गं! मास्तरांनी येवढं शिकिवलंय!"

"कवा शिकिवलंय?" सगुणा म्हणाली. "ही पेटी उगडलेली म्या आजच बगितली."

"मास्तर, शेरेबुक आणा," साहेबांचा आवाज थंड होता. "पेटी आजच हलेल." त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

मास्तरांनी शेरेबुक पुढे केलं.

"सायेब, रागावू नगा," कोंडिबाने गयावया केली. "गावात पैल्यांदाच आलायसा. च्या तरी घ्या."

पेन हवेतच राहिलं. "पहिल्यांदा कसा? दिवाळीआधी..."

"छ्या! वरीस झालं, हितं येक सायेब फिरकला न्हाई. म्या शाळंच्या म्होरंच ऱ्हातोय की."

साहेबांचा चेहरा उतरला. ते मास्तरांकडे वाकून हळूच म्हणाले, "माझा दिवाळीचा अहवाल पुण्याला गेलाय. मुलं पेटीभोवती बसून घडाघडा वाचताना मी जातीने पाहिली, असं लिहिलंय."

मास्तरांनी सकाळपासून पहिला पुरा श्वास घेतला. "मग साहेब, आज पेटी न वाचलेली ठरली, तर दिवाळीला वाचत होतं कोण?"

दोघांनी एकदमच सगुणाकडे पाहिलं. ती वाघ निरखत होती.

"तीन महिने देतो," साहेब अखेर म्हणाले. "पुन्हा येईन. खरोखर येईन. तोवर वहीतली एकतीसच्या एकतीस हिने वाचलेली पाहिजेत. नाहीतर पेटी गेली."

"आन् म्हस कुनी राखायची?" खिडकीतून प्रश्न आला. साहेबांनी मास्तरांकडे बोट केलं आणि चहा न घेताच ते पायऱ्या उतरले.

त्या दिवसापासून शाळा सुटली की सगुणा बांधावर भाकरी आणि पुस्तक घेऊन बसे, आणि मास्तर काठी घेऊन म्हशीमागे धावत. चौथ्या पुस्तकाला ती अडखळेनाशी झाली. एकदा मास्तर धोतर खोचून ओरडत होते, "मोठ्याने वाच गं, इकडे ऐकू येत नाही!" तोच म्हैस शेजारच्या रंभाबाईच्या हरभऱ्यात शिरली.

कोंडिबाने बांधावरून सगळं शांतपणे पाहिलं.

"मास्तर, पोरीला तुमी म्हैन्यात वाचाय शिकिवलं," तो म्हणाला. "पर तुमाला म्हस वळवाय लई दीस लागत्यात बगा."