सरासरी भाकरी

भाकरीच्या बाबतीत अपमान सहन करणाऱ्यांतले दिगंबरराव नव्हते. म्हणून प्रमिलाबाईंनी दोन भाकऱ्या वाढून दुरडी झाकली, तेव्हा ते पाटावरच ताठ झाले.

"तिसरी?"

"माणूस सरासरी दोनच खातो. कोटाचं बटण बघा जरा. जीव मुठीत धरून बसलंय बिचारं."

सरासरी! सांख्यिकी खात्यातल्या कारकुनाला त्याच्या बायकोनं हा शब्द ऐकवावा? (खात्यात ते आकड्यांखाली नुसत्या रेघा ओढत, पण हे घरी ठाऊक नव्हतं.)

"सरासरी चार आहे," ते गरजले. "सिद्ध करून दाखवतो. मग रोज चार वाढायच्या. कबूल?"

"कबूल."

दुसऱ्या दिवशी कागद-पेन्सिल घेऊन ते कचेरीतल्या पाच मराठी सहकाऱ्यांकडे निघाले. ते दिवस हैदराबाद राज्याचे तुकडे होण्याचे. कुणाला इथं हैदराबादेतच ठेवायचं, कुणाला मुंबई राज्यात धाडायचं याच्या याद्या वर कुठंतरी चालल्या होत्या. कचेरीत कुणी शिंकलं तरी त्याचा संबंध यादीशी लावला जाई. दिगंबररावांना मात्र भाकरीपलीकडं काही दिसत नव्हतं.

"गोविंदराव, रात्री भाकऱ्या किती खाता?"

गोविंदरावांनी इकडंतिकडं पाहिलं. ही चौकशी यादीसाठीच, भाकरी खाणारे तिकडं, भात खाणारे इकडं, हे त्यांनी तेवढ्यात ताडलं. "भाकरी? नक्को बाबा! आपण भातवाले. शून्य लिहा."

पुढच्या तिघांनीही शून्यच सांगितलं. एकानं तर चिंचेच्या साराची शपथ घेतली. पाचवे नामदेवराव. त्यांची बायकामुलं परभणीला, जीव तिकडं लागलेला.

"दहा!" ते छाती काढून म्हणाले. "हौ, दहा. ठळक लिहा."

घरी बेरीज झाली. पाच माणसांत दहा भाकऱ्या.

"दोन!" प्रमिलाबाई टाळी वाजवून म्हणाल्या.

"थांब!" दिगंबरराव हटणारे नव्हते. "नमुना लहान, आकडे भलतेच विखुरलेले. एवढ्यावरून सरासरी चार हेही खोटं ठरत नाही!"

"मग शून्य तरी खोटं ठरतं का?"

दिगंबररावांनी पुन्हा गणित मांडलं. घाम पुसला. गणितात लबाडी करणं त्यांना जमत नसे. "तेही... ठरत नाही."

दुसऱ्या दिवशी डब्यात निव्वळ दहीभात. शेजारी गोविंदरावांच्या डब्यात तीन भाकऱ्या!

"अहो, तुम्ही तर शून्य म्हणालात!" दिगंबरराव कळवळले.

पण गोविंदरावांची नजर दहीभातावर खिळली होती. "यांना यादी कळली!" ते कुजबुजले आणि त्यांनी डबा झाकला. त्यानंतर चौघंही रोज भातच आणू लागले. भाकऱ्या उरल्या त्या एकट्या नामदेवरावांकडं. ते साहेबांच्या दारासमोर चळत मांडून बसत.

"एकच द्या हो," दिगंबररावांनी एकदा काकुळतीनं हात पसरला.

नामदेवरावांनी डबा पोटाशी ओढला. "वेडे का काय! तुम्हीच दहा लिहून घेतल्यात. साहेबांनी मोजल्या अन् नऊ भरल्या, तर माझी परभणी गेली ना!"